वाचनालयात भरावी अशी मजालस

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल हाती घेतला, तर त्यात ‘संस्थेने साजरे केलेले कार्यक्रम’ अशा मथळ्याचे एक पान हमखास सापडते. त्या पानावरून नजर फिरवली की 27 फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन, 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथालय दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मधल्या काळात थोर पुरुषांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आणि, संस्थेची ऐपत बरी असेल तर, दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात एक व्याख्यानमाला, असा ठरीव क्रम दिसतो. प्रतिमेस हार, अध्यक्षांचे दोन शब्द (जे दोनच कधी नसतात), आभारप्रदर्शन, चहा आणि तपासणीच्या फायलीस जोडण्यापुरते एक छायाचित्र, एवढ्यात या विधीची सांगता होते. विधी म्हणून त्याला माझा विरोध नाही. थोरांचे स्मरण करणे वाईट कसे असेल? माझे म्हणणे एवढेच आहे की या साऱ्या कार्यक्रमांत ते गाव कोठेच नसते. अहवालावरील संस्थेचे नाव खोडून शेजारच्या तालुक्याचे लिहिले, तरी आतला मजकूर बदलण्याचे कारण पडू नये, इतका तो स्थळनिरपेक्ष असतो.

याचे मूळ आपल्या वाचनालयांच्या जन्मकथेत आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय आपली स्थापना 1828 सालची सांगते. पणजीचे ग्रंथालय, जे आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते, 1832 मध्ये पोर्तुगीज अमदानीत उघडले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848 ची, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. ब्रिटिश मुलखातील अशा संस्थांच्या स्थापनेत बहुधा गोऱ्या अंमलदाराचा आश्रय आणि नव्याने इंग्रजी शिकलेल्या एतद्देशीय मुन्सफ, वकील, शिक्षकांचा उत्साह यांचा संयोग झालेला आढळतो; पुण्याच्या संस्थेमागे लोकहितवादींसारखा पुरुष होता. ज्ञान हे दूर कोठे तरी निर्माण होते, ते बोटीने, टपालाने आणि छापखान्याच्या वाटेने आपल्याकडे येणार आहे, आणि ते येऊन उतरेल अशी एक जागा आपल्या गावात असली पाहिजे, ही त्या पिढीची धारणा होती. त्या काळी ती यथार्थच होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले, तेव्हा शाळा-कॉलेजाचे तोंड न पाहिलेल्या सहस्रावधी प्रौढ माणसांना अर्थशास्त्र, वेदान्त आणि राज्यकारभार यांवरचे सुबोध विवेचन ऐकण्याचे दुसरे साधनच नव्हते. वक्ता मंचावर आणि गाव सतरंजीवर, ही रचना तेव्हाच्या गरजेतून आली. परंतु गरज सरून गेल्यावरही रचना तशीच राहिली. आज ज्याच्या खिशातील यंत्रात जगातील सारे वक्ते सामावले आहेत, त्याला शहरातून गाडीभाडे देऊन आणलेल्या पाहुण्याचे तेच भाषण ऐकवण्यासाठी वाचनालय खुर्च्या भाड्याने आणते, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणजे लोकांची अभिरुची ढासळल्याचा ठराव मनातल्या मनात संमत करते.

माझा पक्ष असा आहे, की सार्वजनिक वाचनालयाने आपल्या कार्यक्रमांचे तोंड फिरवावे. गावाला ऐकवण्यापेक्षा गावाला बोलते करावे, आणि ते बोलणे लिहून, नोंदून, जपून ठेवणे हे वाचनालयाच्या कामात ग्रंथ देवघेवीच्या बरोबरीचे मानावे. हा विचार कोणी परदेशी समजेल म्हणून सांगतो, की त्याचा नमुना आपल्याच दप्तरांत शतकानुशतके पडून आहे. त्याला महजर म्हणत.

वतनाचा, मानपानाचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला, म्हणजे मराठी मुलखात गोतसभा, म्हणजेच मजालस, भरे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. वादी-प्रतिवादींच्या तकरीरा लिहून घेतल्या जात. वृद्ध साक्षीदारांस देवळात किंवा नदीच्या पात्रात उभे करून ‘पूर्वजांची शपथ घेऊन खरे ते सांगा’ म्हणून विचारले जाई. आणि जो निवाडा होई त्याच्या कागदावर, म्हणजे महजरावर, हजर असलेल्या प्रत्येकाचे नाव येई. ज्यास लिहिता येत नसे त्याची निशाणी काढली जाई, पाटलाच्या नावापुढे नांगर, आणि अशीच ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. एखादा जुना महजर उलगडून पाहावा. वर मोडीची दाट, जवळजवळ अभेद्य अशी वीण आणि खाली त्या चिमुकल्या आकृत्यांची रांग: कागदाच्या त्या तळाशी एक संपूर्ण गाव आपापली अवजारे घेऊन उभे असल्याचा प्रत्यय येतो. भूतकाळाविषयीचे विधान कोणी केले, कोणासमक्ष केले, कोणी मान्य केले, याची नोंद विधानाइतकीच महत्त्वाची असते, हे तत्त्व आधुनिक इतिहासशास्त्राने आपल्याला शिकवण्यापूर्वी गावच्या कुलकर्ण्याला ठाऊक होते.

मात्र त्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मजालस भरे ती प्रायः वतनासाठी. ज्यास वतन नाही त्यास पूर्वेतिहासही नाही, असाच तिचा व्यवहार होता. स्त्रिया तीत क्वचितच दिसतात. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, गावाची हद्द कोठे संपते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नाही असे सारे गाव कबूल करी, आणि तोच साक्षीदार गावाच्या पाणवठ्यावर मात्र परका ठरे. तेव्हा महजराची पद्धत घ्यावयाची, पण हजर असणाऱ्यांची यादी नव्याने करावयाची, हे आजच्या वाचनालयाचे काम आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची, बुरशी आलेली, वाण्याकडे पुड्यांसाठी निघालेली दप्तरे सोडवून आणून एकंदर 22 खंड उभे केले. 1910 मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते त्यांच्या व त्यांचे सहकारी मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. त्यांच्या निधनानंतर धुळ्यास 1927 मध्ये त्यांच्याच नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादिले. महाराष्ट्राने आपल्या कागदांवर जेवढे प्रेम केले तेवढे फार थोड्या प्रांतांनी केले असेल. तथापि या अवाढव्य उद्योगाची एक मर्यादा त्याच्या साधनांतच होती: कागद सापडतो तो ज्याच्या घरी कागद असतो त्याच्याकडे. सनदा वतनदाराच्या पेटीत, रोजकीर्दी सावकाराच्या, बखरी कारकुनाच्या. कैकाड्याने किती टोपल्या विणल्या, वडाराने कोणत्या धरणाचे दगड घडवले, विडी वळणाऱ्या बाईची मजुरी केव्हा किती होती, यांच्या कागदांचे रुमाल कोणत्याच माळ्यावर नव्हते. त्र्यंबक नारायण आत्रे या मामलतदाराने 1915 साली ‘गांव-गाडा’ लिहून दाखवले, की डोळे उघडे ठेवून फिरती करणारा महसुली अधिकारीदेखील कागदापलीकडचे गाव पाहू शकतो. परंतु तोही अखेर पाहणाऱ्याचा ग्रंथ आहे, गाव त्यात स्वतः बोलत नाही.

गाव स्वतः बोलते तेव्हा केवढी संपत्ती हाती येते, याचे प्रमाण हवे असल्यास जात्यावरच्या ओव्यांकडे पाहावे. साने गुरुजींनी त्या ‘स्त्रीजीवन’मध्ये एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील गरीब स्त्रियांना सोबत घेऊन जो संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि प्रत्येक ओवीला ती म्हणणाऱ्या बाईचे व तिच्या गावाचे नाव लावण्याची दक्षता त्यांनी घेतली. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली, तेव्हा हे कार्य आणखी एक पिढी लांबते तर लाखाच्या जागी शेकड्यांवर समाधान मानावे लागले असते. त्या काळात गावोगावची वाचनालये काय करीत होती? बहुधा कादंबऱ्यांना पुठ्ठे चढवीत होती. हे मी उपहासाने म्हणत नाही, पुठ्ठे चढवणेही आवश्यकच असते. पण ओवी म्हणणारी बाई वाचनालयापासून दोन गल्ल्यांवर राहत होती.

येथे कोणी विचारील, की हे काम शाळेने का करू नये, विद्यापीठाने का करू नये? विद्यापीठ दूर आहे, आणि त्याचा विद्यार्थी प्रबंध मंजूर झाला की परत येत नाही. शाळा परीक्षेला बांधलेली. देवस्थान, तालीम, पक्षकार्यालय यांना प्रत्येकी आपापले गाव असते आणि त्याबाहेरच्या माणसाला तेथील पायरी चढताना संकोच वाटतो. वाचनालयाजवळ मात्र एक असा गुण आहे ज्याचे मोल त्याला स्वतःलाच उमगलेले नाही, आणि तो म्हणजे दाखल नोंदवही. आलेल्या प्रत्येक ग्रंथास दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, खरेदी की देणगी, देणगी असल्यास कोणाची, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, ज्यात ‘गहाळ’ हा शब्ददेखील तारीख घालून लिहावा लागतो. नोंद खोडावयाची तर तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. गावातील अन्य कोणत्या संस्थेत ही शिस्त रोजच्या सवयीची आहे? आठवण गोळा करणारे हौशी पुष्कळ असतात. ती कोणाकडून, कधी, कोणासमक्ष मिळाली हे लिहून तिला क्रमांक देणारा माणूस दुर्मिळ असतो, आणि तो वाचनालयाच्या टेबलामागे तुटपुंज्या वेतनावर आधीच बसलेला आहे.

मराठवाड्याच्या सीमेवरील एका वाचनालयात अशी एक बैठक मी पाहिली. विषय होता 1972 चा दुष्काळ. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरीपुढे गेली आहेत, तेव्हा विलंबाला जागा नव्हतीच. लांबट टेबलावर गावच्या पाझर तलावाच्या कामाचे एक पिवळे पडलेले छायाचित्र ठेवले होते आणि भोवती पंधरा-वीस माणसे बसली होती. एका निवृत्त शिक्षकांनी प्रारंभी सांगितले, की हा तलाव शासनाने दुष्काळात बांधला. त्यावर भिंतीशी बसलेली एक आजी म्हणाली, “सरकारनं पैका दिला, गुरुजी. बांधला आम्ही.” मग ती बोलू लागली: फोडलेल्या खडीचा ढीग टेपाने मोजून मजुरी कशी मिळे, ढीग पोकळ रचला म्हणून मुकादम लाथेने कसा मोडून पाही, परदेशातून आलेल्या लाल मिलो जोंधळ्याची भाकरी तव्यावरच कशी तुटे, सुकडीसाठी पोरे कशी रांग धरीत, आणि तान्ह्या मुलाची झोळी कोणत्या बाभळीला बांधलेली होती. छायाचित्रात ती बाभूळ दिसत होती. तीस-चाळीस वर्षे ते चित्र त्या भिंतीवर होते आणि त्या झाडाकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे काम आठवडाभर बंद का पडले यावर मतभेद झाला. गुरुजी म्हणाले, पावसाने. आजी म्हणाली, मजुरी थकली आणि बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. ग्रंथपाल मुलीने दोन्ही गोष्टी लिहिल्या, दोन्हींपुढे नावे घातली, आणि ‘हजेरीपट पाहणे’ असा शेरा मारला. “आजी, पूर्ण नाव सांगा,” म्हटल्यावर आजीने नवऱ्याचे नाव लावून आपले नाव सांगितले, जरा थांबली, आणि माहेरचे गावही लिही म्हणाली. कागदाच्या तळाशी डाव्या अंगठ्याची निशाणी उमटली. महजर याहून निराळा कसा असतो, हे मला सांगता येणार नाही.

या योजनेवर जे आक्षेप येतात त्यांतील एक खरोखर विचारार्ह आहे. गावाला बोलते केले म्हणजे गाव खरेच बोलेल कशावरून? प्रत्येक गावाला आपल्या लेण्यात पांडव एक रात्र राहिल्याचे ठाऊक असते. महाराजांचा घोडा ज्या ओढ्यावर पाणी प्याला नाही असा ओढा सह्याद्रीत शोधून सापडणार नाही. आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांमधून मोठमोठ्या घराण्यांशी जोडलेल्या वंशावळी अशा आत्मविश्वासाने छापलेल्या असतात, की पुढच्या स्मरणिकेला तोच आधार पुरतो. वाचनालयाच्या नावाने असल्या गोष्टींवर शिक्का उमटला तर इतिहासाची सेवा न होता त्याची विटंबना होईल, हे भय अनाठायी नाही. पण त्यावर उपाय गावाला गप्प बसवणे हा असू शकत नाही. आख्यायिका आख्यायिका म्हणून दाखल करावी: कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, गावात तिची दुसरी आवृत्ती कोणती. पांडव आले होते की नाही हे ठरवणे वाचनालयाचे काम नाही. अमुक वाड्यात पांडवांची आणि अमुक वस्तीत राक्षसाची कथा का सांगितली जाते, हे पुढच्या अभ्यासकाला पाहता यावे एवढी तजवीज त्याने करावी. न्यायाधीशाची खुर्ची सोडून कारकुनाची घेतली, की बरेचसे धोके टळतात.

दुसरी अडचण सौम्य शब्दांत कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मीच बोलतो. स्थानिक इतिहास म्हटला म्हणजे वाडे, घाट, दीपमाळा आणि पहिल्या मोटारीचे आगमन, एवढ्यावर सर्वांचे एकमत होते. परंतु 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, किंवा 2 मार्च 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर जे वर्षानुवर्षे चालले, ते त्या त्या गावाचे अंतर्गत प्रकरण मानून तेथेच ठेवून देण्याची आपली प्रवृत्ती आहे. प्रत्येक गावाला आपले तळे होते. प्रत्येक गावात कोणत्या तरी साली ते सर्वांना मोकळे झाले, किंवा नुसते कागदोपत्री झाले. ‘आमच्या गावची विहीर’ अशी बैठक ठेवण्याचे धैर्य किती कार्यकारी मंडळांना होईल? वाद होईल, वर्गणीदार नाराज होतील, देणगीदार पुढच्या वर्षी टाळतील. होईल हे सारे. तरीही, ज्या मजालशीत विहिरीचा प्रश्न निघत नाही तीत दीपमाळेविषयी जे बोलले जाते त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

जुन्या कागदांचे अगत्य आपल्याला केव्हा वाटते, हेही पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे हस्ताक्षर नातवाला परके झाले. कोठे कोठे वाचनालयांनी मोडीचे वर्ग चालवले. चार हौशी येत, महिनाभराने दोन उरत. मग 2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारा माणूस एकाएकी हवाहवासा वाटू लागला. जातीच्या दाखल्यासाठी का होईना, रुमाल सुटले हे चांगलेच झाले. पण ज्या गावच्या वाचनालयात वर्ग चालू राहिला असेल तेथील माणूस आपला कागद स्वतः वाचू शकला असेल, आणि नोंदीबरोबर तिच्या आसपासच्या पाच-पन्नास गोष्टीही त्याच्या दृष्टीस पडल्या असतील.

पैशाचा प्रश्न मी लवकर संपवतो. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, आणि वर्ग टिकवण्यासाठी ग्रंथांची, नियतकालिकांची, वेळेची मोजदाद आली. मोजले जाते तेच वाढते, हा सर्व कचेऱ्यांचा अनुभव. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास आणून जी व्यवस्था उभी केली, तीत गावाने रक्कम जमवली की तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी असा नियम होता. शिवाय फिरत्या ग्रंथपेट्या होत्या आणि निरक्षरांसाठी जादूच्या कंदिलाचे खेळही होते, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तोही ग्रंथालयाचा मनुष्य आहे हे तेथे शंभर वर्षांपूर्वी गृहीत धरले होते. आज एक बैठक भरवायला टेबल, सतरंजी, ध्वनिमुद्रणापुरता एक भ्रमणध्वनी आणि ऐकलेले नंतर कागदावर उतरवून घेण्याचा चिवटपणा लागतो. यांतील शेवटची वस्तू महाग आहे; बाकीच्यांसाठी अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तपासणीच्या नमुन्यात ‘स्थानिक साधने: दाखल संख्या’ असा एक रकाना मात्र ग्रंथालय संचालनालयाने अवश्य वाढवावा.

आरंभ कोठून करावा, असे एका मंडळाच्या चिटणीसांनी मला विचारले होते. त्यांची संस्था शतक ओलांडून पुढे गेलेली; शतकोत्तर रौप्यमहोत्सवाची तयारी चालू होती आणि एक मंत्री व एक अभिनेता यांच्या तारखा जुळत नव्हत्या. मी त्यांना म्हटले, तुमच्या कपाटात संस्थेची स्वतःची इतिवृत्ते आहेत, वर्गणीदारांची नामावली आहे, तेवढी बाहेर काढा. 1848 साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली आणि त्याच साली त्याच शहरात भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. या दोन संस्थांचे जग एकमेकांपासून किती दूर होते याचा विचार केला, म्हणजे आपल्या वाचनालयाच्या पहिल्या पन्नास वर्षांच्या नामावलीत कोणत्या आळ्यांची नावे आहेत आणि कोणत्या नाहीत, पहिली स्त्री सभासद कोणत्या साली झाली, वर्गणी किती होती आणि ती तेव्हाच्या मजुराच्या किती दिवसांच्या रोजाइतकी होती, कोणाचा अर्ज कोणते कारण देऊन फेटाळला, हे प्रश्न आपोआप सुचतात. महोत्सवाची पहिली बैठक याच विषयावर व्हावी. मंत्रिमहोदयांच्या तारखेसाठी तिला थांबावे लागणार नाही. इतिवृत्ते टेबलावर उघडी असावीत, ज्याला वाचता येत नाही त्याला कोणी तरी वाचून दाखवावे, आणि ज्यांच्या आजोबांची नावे त्या नामावलीत नाहीत त्यांना छापील निमंत्रण न पाठवता कार्यकारी मंडळाच्या सदस्याने त्यांच्या घरी जाऊन बोलावणे करावे.